कोबा सुकेपर्यंत

"एक्क्याण्णव," तौनो म्हणाला आणि मीटरची वायर बोटांभोवती गुंडाळू लागला.

सुवी कॉफीचा थर्मास छातीशी धरून दारात उभी होती. "मागच्या शनिवारीही एक्क्याण्णवच होतं ना, बाबा?"

"मागच्या शनिवारी साडेएक्क्याण्णव होतं. वरचं अर्धं मी सांगितलं नव्हतं."

"का?"

"तुझा चेहरा बघून."

तिनं थर्मास खिडकीच्या कट्ट्यावर आदळला. नव्या घराचा कोबा दिसायला कोरडा ठणठणीत होता, हाच तर सगळा वैताग होता. राखाडी, गुळगुळीत, मोजे काढून पाय ठेवला तर कोमट लागणारा. हात फिरवला तर तळव्याला धूळ लागायची, ओल नाही. पण बाबानं हॉलच्या मधोमध चार सेंटिमीटर खोल भोक पाडून त्यात नळी बसवली होती, वर बूच लावलं होतं, आणि त्या नळीत मीटर सोडलं की कोबा आपल्या पोटातलं खरं सांगून टाकायचा. आतला दमटपणा पंच्याऐंशी टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय वर लाकूड चिकटवायचं नाही. चिकटवलं तर खालची ओल वर येणार, गोंद कुजणार, पट्ट्या फुगणार आणि दोन वर्षांत बैठकीच्या खोलीला तळघराचा वास सुटणार. हे सुवीला आता झोपेतही म्हणता आलं असतं.

नोव्हेंबरची नऊ तारीख होती. महिनाअखेरीला सेइनायोकी शहरातलं भाड्याचं घर सोडायचं होतं, तिथं एक डिसेंबरला दुसरं कुटुंब येणार होतं. तेवीस तारखेला लाकडी जमीन घालायला माणसं बोलावली होती. ओकच्या पट्ट्यांचे गठ्ठे भिंतीशी रचून ठेवले होते.

"ते गठ्ठे इथून हलव," बाबा म्हणाला. "ओल्या घरात लाकूड ठेवलं की ते पाणी पितं."

"कुठं हलवू? डोक्यावर घेऊन फिरू?"

बाबा खोकला आणि त्यानं टोपी घातली. गाडीत बसताना एवढंच म्हणाला, "ऑगस्टमध्ये कोब्यावरचं सिमेंटचं दूध घासून काढलं असतं, तर आज ही पाळी आली नसती."

गाडी लापुआ नदीच्या पुलाकडं गेली, आणि सुवी बराच वेळ त्या सपाट, चिखलट शेतांकडं बघत दात खात उभी राहिली.

तौनोनं एक्केचाळीस वर्षं बांधकामावर देखरेख केली होती. शाळा, गोठे, सहकारी दुकानं, शेकडो घरं. निवृत्त झाल्यावर तो मासे धरणार होता. पण सुवी आणि तिचा नवरा आकी यांनी शेतालगतचा तुकडा घेऊन स्वतःच्या हातांनी घर बांधायचं ठरवलं, तेव्हा गळ बाजूला राहिला. नगरपालिकेला प्रत्येक घरामागं एक जबाबदार सुपरवायझर लागतो. त्याची सही नसेल तर घरात राहायला जाता येत नाही. लेकीच्या घराला दुसऱ्या कुणाची सही? छे. तौनोनं स्वतःच अर्ज भरला होता. सुवीला तेव्हा किती बरं वाटलं होतं! आता मात्र तिला वाटायचं, परका माणूस असता तर निदान त्याच्यावर मनासारखं ओरडता तरी आलं असतं.

ती दातांच्या दवाखान्यात काम करायची. दात साफ करताना पेशंटच्या तोंडात नळी असेपर्यंत शांतता असे. नळी निघाली की सल्ला सुरू. खिडक्या सताड उघड्या टाका. खिडक्या अजिबात उघडू नका. जमीन उबदार ठेवायला खाली घातलेल्या नळ्यांतलं पाणी तापवा, पंचेचाळीसपर्यंत न्या. छे छे, तडे जातील. एका म्हाताऱ्या बाईंनी तर चूळ भरता भरता सांगितलं, "आम्ही पंचावन्न साली ओल्या जमिनीवरच लिनोलियम टाकलं. काही झालं नाही."

"अजून आहे ते?" सुवीनं आशेनं विचारलं.

"घरच नाही राहिलं," बाई म्हणाल्या.

घरी आकीचं वेगळंच. तो विजेच्या खांबांवर चढायचा, वादळ आलं की चार चार दिवस बाहेर. कोब्यावर सिमेंटच्या दुधाची जी पातळ पापडी धरते ती घासून काढली नाही, तर आतलं पाणी अडून राहतं. तौनोनं हे कोबा घातला त्या ऑगस्टमध्येच सांगितलं होतं, सप्टेंबरमध्ये सांगितलं होतं, आणि आकीनं ग्राइंडर आणला ऑक्टोबरच्या मध्यावर.

"सहा आठवडे," सुवी म्हणाली. "सहा आठवडे तू ते पुढं ढकललंस."

"छपराची पन्हळं कोण लावत होतं? भूत? आणि पापडी काढून आता महिना झाला. अजून का सुकत नाही मग? विचार की तुझ्या बाबाला."

"बाबाला कशाला मधे आणतोस?"

"मी आणत नाही गं. तो रोज मधेच असतो!"

त्यावर दोघंही दोन दिवस कामापुरतंच बोलली. ओल ओढणारं भाड्याचं यंत्र हॉलमध्ये घरघरत होतं. त्याची बादली सकाळ-संध्याकाळ ओतायची. कामावर जाताना एकदा, येताना एकदा. बादली भरलेली दिसली की सुवीला आनंद व्हायचा, आणि मग शनिवारी मीटर तेच सांगायचं. सोळा तारखेला नव्वद निघालं.

एकोणीसला, मंगळवारी, नगरपालिकेचं पत्र आलं की राहायला जाण्यापूर्वीची तपासणी करायला तिथल्या बाई येणार. पुढच्या बुधवारी येणार होत्या. सगळे कागद एका फाइलमध्ये लावून ठेवा, असं पत्रात होतं. सुवी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, म्हणजे जिथं पुढं ओटा होणार होता त्या फळीवर, कागद मांडून बसली. चिमणीचं प्रमाणपत्र. नळाच्या दाबाची चाचणी. काँक्रीटच्या गाडीची पावती.

ती पावती तिनं आधी कधी वाचलीच नव्हती. गाडी आली तेव्हा ती रबरी बूट घालून काँक्रीटमध्ये घोटाभर उभी होती, सही बाबानं केली होती. आता तिनं वाचली, आणि पुन्हा वाचली. मालाच्या रकान्यात साधं काँक्रीट लिहिलं होतं.

तिनं मागवलं होतं ते दुसरं. लवकर सुकणारं. दोन-अडीच महिन्यांत वर लाकूड घालता येईल असं. जूनमध्ये तीन संध्याकाळी बसून, माहिती काढून, तिनं ते निवडलं होतं. हा तिचा स्वतःचा, एकटीचा निर्णय होता. साध्याला पाच महिने लागतात, कधी सहा.

दुसऱ्या दिवशी दोन पेशंटांच्या मधल्या वेळात तिनं काँक्रीटच्या प्लांटवर फोन लावला. पलीकडच्या बाईनं कळफलक बडवला आणि म्हणाली, "हो, तुमची मूळ ऑर्डर लवकर सुकणाऱ्याचीच दिसतेय. मग ऑगस्टमध्ये फोनवर बदल झालाय. सुपरवायझरनं केलाय. तौनो..."

"आडनाव नका सांगू," सुवी म्हणाली. "ते माझंच आहे."

तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली की पुढच्या पेशंटचं नावच तिला आठवेना. इतके शनिवार! इतके शनिवार हा माणूस गुडघ्यावर बसून मीटर वाचत होता, आकीच्या ग्राइंडरचं रडगाणं गात होता, आणि घरात बायको नवऱ्याचं डोकं खात होती.

तिनं बाबाला फोन केला नाही. आकीला पावती दाखवली. आकीनं ती वाचली, खाली ठेवली आणि फक्त म्हणाला, "अच्छा." ते ऐकून तिला जास्तच लागलं.

"शनिवारी जमीन घालायची," सुवी म्हणाली.

"नव्वदवर?"

"नव्वदवर. नाही तर शंभरवर. मला आता मीटर बघायचं नाही."

तेवीस तारखेला सकाळी दहा माणसं आली. तिकडची इर्जिक अशीच असते: काम सगळ्यांनी मिळून करायचं, घरवाल्यांनी पोटभर वाढायचं. सुवीनं वाटाण्याच्या सुपाचं मोठं पातेलं चढवलं होतं, वेलदोड्याचे पाव आणले होते. आकीचा मित्र किम्मो जमिनी घालण्यातला पक्का कारागीर होता. गुडघ्यांना गाद्या बांधून, दातेरी थापी कमरेला खोचून तो आला तोच विचारत, "काय, सुकला का?"

"सुकला," सुवी म्हणाली. आकी दुसरीकडं बघायला लागला.

किम्मोनं गोंदाचं झाकण उघडलं आणि खोलीभर तो तीव्र वास पसरला. पहिली पट्टी भिंतीशी लावून बघितली जात होती, तेवढ्यात अंगणात गाडी वाजली. तौनो आत आला, टोपीवर ओला बर्फ, हातात मीटरची पेटी. त्यानं दहा माणसं बघितली, गठ्ठे फोडलेले बघितले, गोंदाचा डबा बघितला.

"हे काय चाललंय?"

"जमीन घालतोय," सुवी म्हणाली. "घरात असते ना ती."

"मोजलंस?"

"नाही."

"मग बंद कर. किम्मो, झाकण लाव त्या डब्याला."

"किम्मो, लावू नकोस," सुवी म्हणाली.

किम्मो थापी हातात धरून एकदा बापाकडं, एकदा लेकीकडं बघत राहिला. बाकीच्यांना अचानक बाहेरच्या लाकडांची फार काळजी वाटायला लागली आणि तिघं-चौघं अंगणात सटकले.

"माझी सही मिळणार नाही," तौनो म्हणाला. आवाज चढवला नाही. तो कधीच चढवत नसे. "लेक असलीस म्हणून चुकीच्या जमिनीवर सही करणार नाही मी."

"आणि चुकीच्या पावतीवर?" सुवीनं फाइलमधून कागद काढून त्याच्यापुढं धरला. "ह्यावर केलीस ना? न विचारता? मी काय मागवलं होतं, बाबा? वाच. मोठ्यानं वाच, सगळ्यांना ऐकू दे."

तौनोनं चष्मा लावला. खरं तर वाचायची गरज नव्हती, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"हो," तो म्हणाला. "मी बदललं."

"का?"

"त्याण्णव साली शाळेच्या व्हरांड्यात घातला होता तसला लवकर सुकणारा माल. तेव्हा नवीन निघाला होता. तीन आठवड्यांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तडे. सगळा फोडून काढला मी, हातोड्यानं. तुझ्या घरात मला तसलं काही नको होतं."

"तीस वर्षं झाली त्याला! मला विचारायचंस!"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"अरे, मग म्हणूनच विचारायचं असतं!" सुवीचा आवाज चिरकला. "आणि इतके शनिवार आकीच्या नावानं बोलत राहिलास. घासलं नाही, घासलं नाही. आम्ही दोघं घरात भांडतोय, आणि तू मुकाट मीटर गुंडाळतोस!"

तौनोनं टोपी काढली. टोपीवरचं पाणी कोब्यावर टपटपलं आणि काळे ठिपके उमटले. तो आकीकडं वळला. "घासायला उशीर झाला हे खरं. पण त्यानं दोन-तीन आठवड्यांचा फरक पडला असता. बाकीचा उशीर माझा."

आकी भिंतीला टेकून उभा होता. "हे आधी सांगितलं असतंत, तर मी तुम्हाला कॉफी तरी जरा मनापासून दिली असती, तौनो," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. किम्मोनं घसा खाकरला. "मला मधे पडायचं नाही," तो म्हणाला, "पण डब्यात गोंद घट्ट होत चाललाय. लावू, की नको लावू? एवढंच सांगा."

सगळे सुवीकडं बघायला लागले. तिला वाटत होतं, लाव म्हणावं. केवळ बाबाचं तोंड बघण्यासाठी लाव म्हणावं. मग ती गुडघ्यावर बसली, नळीचं बूच काढलं, आणि बाबाच्या पेटीतलं मीटर स्वतःच आत सोडलं. आकडा स्थिर होईपर्यंत बराच वेळ लागला.

एकोणनव्वद.

बाबाची चूक होती, शंभर टक्के होती, आणि तरीही आत पाणी होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंधच नव्हता. हे समजल्यानं तिला जरासुद्धा बरं वाटलं नाही. तिला नुसतं रडू येत होतं, आणि दहा माणसांसमोर रडायचं नव्हतं.

"झाकण लाव, किम्मो," ती म्हणाली. मग बाबाकडं न बघता, "एक तारखेला आम्ही कुठं जायचं? तेवढं सांग. तुझ्या घरी मी येणार नाही."

"इथंच राहा," तौनो म्हणाला.

"कशावर?"

"कोब्यावर. जमीन घातलेली नसली तरी राहायला परवानगी मिळते. हीटिंग चालू हवं, पाणी हवं, धुराचा अलार्म हवा, जिन्याला कठडा हवा. वर काही चिकटवायचं नाही, मोठे गालिचे टाकायचे नाहीत, म्हणजे तो सुकत राहील. घरात माणसं राहिली, हवा खेळली की उलट बरंच."

सुवी हळूहळू उभी राहिली. "हे तू तीन आठवड्यांपूर्वी का नाही सांगितलंस?"

तौनोला खरोखरच प्रश्न कळला नाही. "तू विचारत होतीस, कधी सुकेल. कुठं राहू, हे कधी विचारलंस?"

आकीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, कारण त्याला वाटलं ती मीटर फेकून मारणार. तिच्याही मनात तेच होतं.

पण दहा माणसं आली होती आणि पातेलंभर सूप शिजलं होतं. किम्मोनं उरलेला गोंद पुठ्ठ्यावर ओतून टाकला आणि आकीबरोबर स्वयंपाकघराची कपाटं उभी करायला घेतली. कपाटांना पाय होते, ती कोब्यावरही उभी राहतात. आणखी दोघांनी जिन्याचा कठडा बसवला. बाकीच्यांनी ओकचे गठ्ठे ट्रेलरवर चढवून तौनोच्या उबदार, कोरड्या गॅरेजमध्ये नेले. तौनो दिवसभर ट्रेलर चालवत होता. दुपारी तो सूप घ्यायला आत आला नाही. सुवीनं वाडगा बाहेर नेऊन त्याच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि परत फिरली.

तपासणीच्या बाई आल्या, कोब्याकडं बघून म्हणाल्या, "शहाणपण केलंत, बहुतेक लोक घाई करतात." सुवीनं ओठ आवळून मान हलवली.

हिवाळा त्यांनी कोब्यावर काढला. त्यात गंमत काही नव्हती. बारीक राखाडी धूळ सगळीकडं बसायची, कपात, बिछान्यात, पावावर. खुर्ची सरकवली की दात आंबायचे. लोकरीच्या मोज्यांचे तळवे आठवड्यात झिजायचे. वाढदिवसाला आलेल्या मैत्रिणी म्हणायच्या, "अय्या, हल्ली काँक्रीटचीच फॅशन आहे, असंच ठेवा की!" त्या गेल्या की सुवी आकीला म्हणायची, "पुढच्या वेळी ह्यांच्या हातात झाडू दे."

तौनो शनिवारी येत राहिला. पहिले काही शनिवार ती त्याच्याशी आकड्यांपुरतंच बोलायची. अठ्ठ्याऐंशी. सत्त्याऐंशी. मग पुन्हा सत्त्याऐंशी, पुन्हा सत्त्याऐंशी. जानेवारीत एकदा तिनं विचारलं, "कॉफी?" तो बसला. दोघांनी कॉफी प्यायली. जाताना तो आकीला म्हणाला की पन्हळं चांगली लावली आहेस, बर्फाचं वजन पेलतायत. आकीनं ते संध्याकाळी दोनदा सांगितलं.

फेब्रुवारीच्या शेवटी मीटरनं चौऱ्याऐंशी दाखवलं. सुवी उडी मारणार होती, पण तौनोनं न्हाणीघराच्या भिंतीजवळ दुसरं भोक पाडून ठेवलं होतं. तिथं सत्त्याऐंशी निघालं.

"दुसरं भोक कशाला पाडलंस?" ती ओरडली.

"एकाच भोकावर विश्वास ठेवू नये म्हणून."

"जाऊ दे, मोज अजून! छतात पण पाड एक!"

आणखी दोन-तीन आठवड्यांनी तिथंही पंच्याऐंशीच्या खाली आलं. मार्चच्या मध्यावर किम्मो पुन्हा गुडघ्यांना गाद्या बांधून आला, आणि यावेळी दोन दिवसांत ओकची जमीन घालून झाली. सात महिने ज्या गोष्टीसाठी जीव मेटाकुटीला आला, ती दोन दिवसांत पायाखाली होती. सुवीला वाटलं होतं आपण नाचू. प्रत्यक्षात ती नव्या जमिनीवर आडवी झाली आणि भर दुपारी झोपून गेली.

शेवटच्या तपासणीआधी तौनो सह्या करायला आला. बांधकामाच्या रोजवहीत त्यानं एक पान आधीच भरून आणलं होतं. टेबलावर वही उघडून त्यानं ती तिच्याकडं सरकवली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसला.

तिथं त्याच्या चौकोनी अक्षरात लिहिलं होतं: काँक्रीटचा प्रकार सुपरवायझरच्या निर्णयानं बदलला. घरमालकिणीला न विचारता. त्यामुळं उशीर. खाली सही.

नगरपालिकेनं असलं काही मागितलं नव्हतं. ही वही आता घराबरोबर राहणार होती, घर असेपर्यंत. सुवीनं ते वाचलं. तिला रडू येईलसं वाटलं, आणि त्याच्याबरोबर थोडा जुना रागही आला. त्यातलं कुठलं आधी बाहेर पडेल हे तिला सांगता आलं नसतं.

"'न विचारता आणि न सांगता' असं लिही," ती म्हणाली.

तौनोनं तिच्याकडं बघितलं. मग वही परत ओढून घेतली, खिशातलं पेन काढलं, आणि दोन शब्दांच्या मधल्या अरुंद जागेत बारीक अक्षरात ते लिहायला लागला.